आठ सिनेमे आणि एक तुटलेलं घर

समजा, वयाच्या सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी तुम्ही तुमचा पहिला सिनेमा पूर्ण केलाय. मित्र जमवून, जमेल तशी जुळवाजुळव करून. आता तो थिएटरला लागायची वाट बघायची. एक वर्ष जातं, दोन जातात, दहा जातात. शेवटी तो लागतो पंचवीस वर्षांनी, आणि तोवर तुम्ही या जगातच नसता.

ऋत्विक घटक या बंगाली दिग्दर्शकाच्या बाबतीत हे खरोखर घडलं. त्यांचा 'नागरिक' हा पहिला सिनेमा १९५२ मध्ये तयार झाला. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' येण्याच्या तीन वर्षं आधी. प्रेक्षकांसमोर मात्र तो आला सप्टेंबर १९७७ मध्ये. ऋत्विकदा ६ फेब्रुवारी १९७६ ला कोलकात्यात गेले होते, अवघ्या पन्नाशीत.

फिल्म क्लबमध्ये जाणाऱ्यांना हे नाव माहीत असेल. पण तुम्ही मास मीडियाला नसाल, तर कदाचित पहिल्यांदाच ऐकत असाल. आर्ट फिल्म म्हटलं की आपल्यापैकी निम्मे जण जांभई देतात, हेही खरंय. तरी जरा थांबा. कारण या माणसाचा आपल्या पुण्याशी थेट संबंध आहे, हिंदीतल्या एका तुफान चाललेल्या भूतकथेशी आहे, आणि 'मी करतोय ते कुणी बघतच नसेल तर?' या तुमच्या-माझ्या भीतीशी तर फारच जवळचा आहे.

पद्मेकाठचा मुलगा

ऋत्विक घटक यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२५ चा, ढाक्यातला. म्हणजे आजच्या बांगलादेशातला. त्यांच्यासोबत एक जुळी बहीणही जन्माला आली. वडील सुरेशचंद्र सरकारी अधिकारी होते, जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या पदापर्यंत पोचलेले, आणि शिवाय कविता-नाटकं लिहिणारे. घरात पुस्तकं, गाणं, वादविवाद, सगळं होतं. थोरला भाऊ मनीष घटक नावाजलेला लेखक. या मनीषबाबूंची मुलगी तुम्हाला नक्की माहीत असेल: महाश्वेता देवी. नात्याने ऋत्विक तिचे काका, पण वयात अंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांचं!

लहानपण पूर्व बंगालमध्ये गेलं. पद्मा नदी, तिच्यावरच्या होड्या, नावाड्यांची गाणी, राजशाही हे गाव. मग घर कोलकात्याकडे सरकलं. आणि पुढच्या चार-पाच वर्षांत या मुलाने जे बघितलं, ते कुठल्याही विशी-बाविशीतल्या मुलाने बघू नये असं होतं. १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ पडला. त्यात लाखो माणसं मेली, खेड्यांतून भुकेले लोंढे शहरात आले आणि फुटपाथवर मरून पडले. दुसरीकडे महायुद्ध चालू होतंच. १९४६ ला दंगली झाल्या आणि १९४७ ला फाळणी.

फाळणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो पंजाब. आगगाड्या, अमृतसर, लाहोर. बंगालची फाळणी आपल्या अभ्यासक्रमातही एखाद्या परिच्छेदात उरकते. पण तिथली माणसं एका लाटेत आली नाहीत. ती वर्षानुवर्षं येत राहिली. कोलकात्याच्या सियालदह स्टेशनवर कुटुंबं महिनोन्महिने फलाटावरच राहिली. मग शहराच्या कडेला निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या, बांबू आणि चटयांच्या. काल ज्यांची शेतं होती, शाळा होत्या, ते आज पाण्याच्या नळापाशी रांगेत उभे होते.

ऋत्विकदांच्या मनात हे कायमचं रुतून बसलं. ज्या गावात आपण वाढलो ते आता परदेश आहे आणि मधे पासपोर्ट लागतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचे पुढचे सिनेमे तुम्ही कुठल्याही क्रमाने बघा, त्यात कुणी ना कुणी घर शोधतच असतं.

नाटक, पक्ष आणि हकालपट्टी

बी. ए. झालं, इंग्रजीत एम. ए. करायला म्हणून कोलकाता विद्यापीठात नावही घातलं, पण ते अर्ध्यावर सोडलं. तोवर ते कथा लिहीत होते. मग त्यांना वाटायला लागलं की कथा फार थोड्या लोकांपर्यंत पोचते. म्हणून नाटक. ते 'इप्टा'त, म्हणजे भारतीय जननाट्य संघात गेले.

इप्टाची स्थापना १९४३ मध्ये मुंबईत झाली होती. आपल्याकडे शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे याच चळवळीशी जोडलेले. नाटक थिएटरमधून बाहेर काढायचं, गावात, गिरणीच्या दारात, मैदानात न्यायचं, हा तिचा विचार. ऋत्विकदा तिथे लिहीत होते, दिग्दर्शन करत होते, स्वतः उभेही राहत होते. फाळणीवरचं त्यांचं 'दलिल' हे नाटक १९५३ मध्ये इप्टाच्या मुंबईतल्या संमेलनात पहिलं आलं.

पण संघटनेत भांडणं सुरू झाली होती. कलाकाराने पक्षाची घोषणा फक्त मोठ्याने म्हणायची की स्वतःच्या डोक्यानेही चालायचं, हा वाद होता. ऋत्विकदांनी १९५४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाला या विषयावर एक सविस्तर टिपण लिहून दिलं. उत्तर म्हणून १९५५ मध्ये त्यांनाच पक्षाबाहेर काढलं गेलं. म्हणजे आधी गाव गेलं, आता ज्यांना आपलं मानलं होतं ती माणसंही गेली. मार्क्सवादावरची त्यांची श्रद्धा मात्र शेवटपर्यंत गेली नाही. प्रश्न विचारायची खोडही गेली नाही.

याच वर्षी त्यांचं सुरमा यांच्याशी लग्न झालं. त्या इप्टाच्याच कार्यकर्त्या. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधल्या काळात 'नागरिक' तयार होऊन पडला होता. त्याचा नायक रामू हा कोलकात्यातला नोकरी शोधणारा तरुण. रोज सकाळी वाटतं, आज होणार. संध्याकाळी घरी परत, रिकाम्या हाताने. हळूहळू ते कुटुंब चांगल्या वस्तीतून वाईट वस्तीत घसरत जातं. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये हा सिनेमा बघाल तर पोटात खड्डा पडेल.

मुंबईतला भूतबंगला

आता त्या भूतकथेकडे येऊ. पोटापाण्यासाठी ऋत्विकदा मुंबईत आले आणि गोरेगावच्या फिल्मिस्तान स्टुडिओत पटकथा लिहायला लागले. हृषीकेश मुखर्जींचा पहिला सिनेमा 'मुसाफिर' (१९५७), त्याच्या लेखनात त्यांचा हात होता. आणि बिमल रॉय यांच्यासाठी त्यांनी एक कथा लिहिली. पावसाळी रात्र, डोंगरातला जुना वाडा, आणि आपण इथे आधी येऊन गेलोय असं वाटणारा नायक. ओळखलंत? 'मधुमती'. दिलीपकुमार, वैजयंतीमाला, सलील चौधरींचं संगीत.

१९५८ चा हा सिनेमा त्या वर्षीच्या मोठ्या हिट सिनेमांपैकी एक. त्याला तब्बल ९ फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. पुनर्जन्माच्या गोष्टींची हिंदीत पुढे जी रांग लागली, तिच्या डोक्याशी 'मधुमती' आहे. 'ओम शांती ओम'चा शेवट आठवा आणि मग 'मधुमती'चा बघा, म्हणजे कळेल.

एवढं यश मिळाल्यावर कुणीही मुंबईतच राहिलं असतं. फ्लॅट घेतला असता, दरवर्षी एक भूतकथा लिहिली असती. ऋत्विकदा परत कोलकात्याला गेले. फॉर्म्युल्यात लिहायचं काम त्यांना मानवत नव्हतं. हा निर्णय बरोबर होता की चूक, ते तुम्ही ठरवा. त्याची किंमत मात्र त्यांनी आणि त्यांच्या घराने पुढची अठरा वर्षं मोजली.

टॅक्सी, चप्पल आणि चाबूक

'मधुमती' आला त्याच वर्षी त्यांचा 'अजांत्रिक' आला. सुबोध घोष यांच्या कथेवरचा. बिमल नावाचा एक एकलकोंडा टॅक्सीवाला, छोटा नागपूरच्या आदिवासी भागात गाडी चालवणारा. गाडी म्हणजे १९२० ची शेवरोलेट, पार खिळखिळी झालेली. तिचं नाव जगद्दल. बिमल तिच्याशी बोलतो, तिच्यावर रुसतो. गावातली माणसं त्याला वेडा ठरवतात. आणि गंमत म्हणजे गाडीही उत्तर देते! ती पाणी पिते तेव्हा घटाघटा आवाज येतो, तिचे दिवे डोळ्यांसारखे हलतात. शेवटी जगद्दल भंगारात जाते. एक लहान पोर तिचा भोंगा घेऊन वाजवत बसतं, आणि तो आवाज ऐकून रडवेल्या बिमलच्या चेहऱ्यावर हसू येतं. आजोबांची स्कूटर विकली गेली तेव्हा घरात कुणीतरी गुपचूप डोळे पुसले असतील, तर हा सिनेमा तुमच्यासाठी आहे. १९५९ मध्ये तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. इथे मात्र फारसा चालला नाही.

मग आला 'मेघे ढाका तारा' (१९६०). ऋत्विकदांच्या हयातीत लोकांनी खऱ्या अर्थाने उचलून धरलेला त्यांचा हा एकच सिनेमा. नीता ही निर्वासित वसाहतीतल्या कुटुंबातली मोठी मुलगी. शिकवण्या करून, शिक्षण सोडून, नोकरी करून घर चालवते. भावाला गायक व्हायचंय, बहिणीला साड्या हव्यात, धाकट्याला फुटबॉलचे बूट. सगळ्यांना नीताच्या पगारातून काही ना काही हवं असतं. सुरुवातीलाच तिच्या चपलेचा अंगठा तुटतो आणि ती तशीच पाय ओढत चालत राहते. पुढे तिचा प्रियकर तिच्याच बहिणीशी लग्न करतो. आईला ते आतून बरंच वाटतं, कारण कमावती मुलगी घरात राहते. आणि नीताला क्षय होतो.

गोष्ट अशी सांगितली की टीव्हीवरच्या रडक्या मालिकेसारखी वाटते ना? ऋत्विकदांना याची पूर्ण कल्पना होती. ते मेलोड्रामाला घाबरत नसत. बंगालच्या जात्रेत, आपल्या तमाशाच्या वगात, कीर्तनात भावना मोठ्या आवाजात सांगतात, योगायोग येतात, देवदेवता मधेच डोकावतात. लोकांना ही भाषा कळते, मग ती का टाकायची? त्यांनी ती उचलली आणि तिच्यात असं काही मिसळलं की प्रेक्षक बेसावध राहूच शकत नाही. उदाहरणार्थ आवाज. प्रियकराच्या खोलीतून सत्य कळून नीता जिना उतरते, तेव्हा मागे कुठलंही करुण व्हायोलिन वाजत नाही. सपकन चाबकाचा फटकारा ऐकू येतो. पडद्यावर चाबूक नसतो, मारणारा नसतो. तरी तुम्ही खुर्चीत दचकता. हेडफोन लावून बघा.

शेवटी शिलाँगच्या डोंगरातल्या रुग्णालयात भाऊ भेटायला येतो. तो आता मोठा गायक झालाय, घर दुमजली झालंय. आणि आयुष्यभर कुणाकडे काही न मागितलेली नीता जिवाच्या आकांताने ओरडते, की तिला जगायचं होतं. कॅमेरा डोंगरांवरून गरागरा फिरतो आणि तो आवाज सगळीकडून परत येत राहतो. त्यानंतर भाऊ वसाहतीत परततो. रस्त्यावरून दुसरीच एक मुलगी चाललेली असते. तिची चप्पल तुटते.

नीताचं काम सुप्रिया चौधरींनी केलंय. घरातली मोठी मुलगी म्हणून सगळं ओढणारी एखादी ताई, आत्या किंवा मैत्रीण तुम्हाला माहीत असेल. सिनेमा संपल्यावर तिला फोन करावासा वाटतो.

रूळ जिथे संपतात

'मेघे ढाका तारा', 'कोमल गांधार' (१९६१) आणि 'सुवर्णरेखा' या तिघांना मिळून फाळणीची त्रयी म्हणतात. गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, जखम एकच.

'कोमल गांधार' नाटकवाल्यांवर आहे. एका चळवळीत दोन गट पडलेत आणि ते पुन्हा एकत्र येऊ बघताहेत. इप्टाची फूट सरळसरळ दिसते. त्यात पद्मेच्या काठावरचा एक प्रसंग आहे. समोरच्या तीरावर पूर्व बंगाल, डोळ्यांना दिसतोय पण आता तो दुसरा देश. पूर्वी इथवर येणारी रेल्वे माणसांना पलीकडे जोडायची, आता रूळ नदीकाठी एका अडसराशी संपतात. कॅमेरा त्या रुळांवरून सुसाट धावत सुटतो, अडसरावर आदळतो आणि पडदा काळा होतो. फाळणी म्हणजे काय, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा त्या काही सेकंदांत जास्त कळलं.

या सिनेमाचे निर्माते ऋत्विकदा स्वतःच होते. तो पडला. डाव्यांना तो आपल्यावरची टीका वाटला, बाकीच्यांना समजायला अवघड. पैसे बुडाले, आणि दारू वाढत गेली.

'सुवर्णरेखा' १९६२ मध्ये पूर्ण झाला आणि १९६५ मध्ये प्रदर्शित. ईश्वर हा निर्वासित, लहान बहीण सीतेला घेऊन नवं घर शोधतोय. नदीकाठी महायुद्धातली एक ओसाड धावपट्टी आहे, तिथे लहानगी सीता खेळते. विमानांच्या मोडक्या सांगाड्यांमध्ये, गाणं गुणगुणत. सोबत अभिराम वाढतो, निर्वासित वसाहतीतून आणलेला मुलगा. पुढे दोघांचं प्रेम बसतं, आणि अभिरामची खरी आई खालच्या मानल्या गेलेल्या जातीची निघते. स्वतः घर हरवलेला ईश्वर आता जातीचं दार लावून घेतो. निर्वासितालाही दुसऱ्याला हाकलता येतं, हे ऋत्विकदांनी इतक्या स्पष्टपणे दाखवलं. त्या दार लावण्याचा शेवट काय होतो, ते मी इथे सांगत नाही. बघाल तेव्हा एकट्याने बघू नका.

आंब्याच्या झाडाखालचे सर

साठच्या दशकाच्या मध्यावर ऋत्विकदा पुण्यात आले. लॉ कॉलेज रोडवर, प्रभातच्या जुन्या स्टुडिओत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू होऊन पाचेक वर्षं झाली होती. आज आपण तिला एफटीआयआय म्हणतो. तिथे ते शिकवायला लागले आणि उपप्राचार्यही झाले.

हा काळ छोटा होता. शिस्तीत बसणारे प्राध्यापक ते नव्हतेच. पण संस्थेत ज्याला 'विस्डम ट्री' म्हणतात, त्या आंब्याच्या झाडाखाली बसून ते तासन्‌तास मुलांशी बोलायचे, ही आठवण तिथे आजही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सिनेमाबरोबर उपनिषदं, मार्क्स, लोकगीतं, मानसशास्त्र, पुराणातल्या देवी, सगळं त्या बोलण्यात यायचं. सिनेमा ही वेगळी काढून ठेवायची वस्तू नाही, आपल्या मातीत जे आहे ते सगळं तिच्यात येऊ शकतं, हा त्यांचा धडा.

त्यांच्या विद्यार्थ्यांकडे बघा. मणी कौल यांनी 'उसकी रोटी' केला. कुमार शहानींनी 'माया दर्पण' केला. केरळच्या जॉन अब्राहम यांनी (आपला अभिनेता जॉन वेगळा!) गावोगाव लोकांकडून छोट्या-छोट्या रकमा गोळा करून 'अम्मा अरियान' हा सिनेमा काढला. आणि १९७६ मध्ये तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वर काही तरुणांनी सहकारी पद्धतीने सिनेमा केला, त्याच्या दिग्दर्शकांमध्येही मणी कौल होते. म्हणजे ऋत्विकदा गेले त्याच वर्षी त्यांच्या एका विद्यार्थ्याचा हात मराठी रंगभूमीच्या एका सर्वांत गाजलेल्या नाटकापर्यंत पोचला होता.

यातल्या कुणीही त्यांची नक्कल केली नाही. मणी कौल यांचे सिनेमे बघितले तर गुरू-शिष्यांत साम्य शोधावं लागतं. ऋत्विकदांचे सिनेमे ओरडतात, मणी कौल यांचे जवळजवळ कुजबुजतात. मला यातच त्यांची मास्तरकी दिसते. ज्यांच्या तालमीतून स्वतःच्या आवाजाची माणसं निघतात, ते सर चांगले.

इथे थोडं थांबू

अशा माणसांबद्दल लिहिताना एक धोका असतो. दारू, फाटका झब्बा, विडी, अर्धवट सिनेमे, या सगळ्याला एक चमक चढते. रील्सवर तर 'वेडा जीनियस' म्हणून असे फोटो फिरतच असतात. पण दारूने ऋत्विकदांना मोठं केलं नाही. तिने त्यांची वर्षं खाल्ली. 'कत अजानारे', 'बगलार बंग दर्शन', 'रंगेर गोलाम' असे सिनेमे सुरू होऊन अर्धेच राहिले. १९६९ मध्ये त्यांना मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. तिथेही त्यांनी एक नाटक लिहिलं आणि रुग्णांना घेऊन बसवलं, हे खरं. पण दाखल व्हावं लागलं, हेही तितकंच खरं.

आणि सुरमा? तीन मुलांचं घर त्यांनी शिक्षिकेची नोकरी करून चालवलं. म्हणजे 'मेघे ढाका तारा' बनवणाऱ्याच्या घरातही एक नीता होतीच. ऋत्विकदांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांच्या शेवटच्या सिनेमाचा नायक बघितला की खात्री पटते. त्याच्याकडे येऊच.

१९७० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७१ ला बांगलादेश जन्माला आला आणि ऋत्विकदांना त्यांच्या पूर्व बंगालात परत जायला मिळालं, सिनेमा करायला. अद्वैत मल्लबर्मन यांच्या कादंबरीवरचा 'तिताश एकटि नदीर नाम' (१९७३). मल्लबर्मन स्वतः मालो या मासेमार समाजातले, आणि कादंबरी पुस्तकरूपात येण्याआधीच क्षयाने गेलेले. गोष्ट त्याच समाजाची. नदी आटत जाते, तशी माणसंही विखुरतात. हा सिनेमा करताना ऋत्विकदांनाही क्षयाने गाठलं. पुढे २०१० मध्ये मार्टिन स्कॉर्सेसींच्या संस्थेच्या पुढाकाराने या सिनेमाची प्रत नव्याने दुरुस्त करून कानच्या महोत्सवात दाखवली गेली. म्हणजे ज्या सिनेमाने बनवणाऱ्याला अंथरुणाला खिळवलं, तो आज जगभरात स्वच्छ प्रतीत बघता येतो.

रिकामा माग

शेवटचा सिनेमा 'जुक्ति तक्को आर गप्पो', म्हणजे तर्क, वाद आणि गप्पा. तो १९७४ मध्ये तयार झाला. नायक नीलकंठ बागची हा दारुडा, निकामी झालेला बुद्धिवादी. बायको मुलाला घेऊन घर सोडून जाते. नीलकंठ रस्त्यावर येतो आणि भटकत सुटतो. सोबत एक बेकार इंजिनिअर, बांगलादेशातून आलेली एक मुलगी, एक संस्कृतचे म्हातारे मास्तर. नीलकंठचं काम केलंय स्वतः ऋत्विकदांनी. कुठलाही मेकअप न चढवता त्यांनी स्वतःची दारू, स्वतःचं हरणं, बायकोला दिलेला त्रास, सगळं कॅमेऱ्यासमोर ठेवलं. स्वतःला सूट दिली नाही आणि स्वतःची कीवही केली नाही. या सिनेमाच्या कथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थिएटरमध्ये मात्र तोही आला १९७७ मध्येच.

भटकता भटकता नीलकंठ जंगलात नक्षलवादी पोरांना भेटतो. ती वीस-बावीस वर्षांची, तुमच्या-माझ्या वयाची. रात्रभर त्यांच्याशी वाद घालतो. सकाळी पोलिसांच्या गोळीबारात सापडतो. मरताना त्याला एक गोष्ट आठवते, माणिक बंद्योपाध्याय यांच्या कथेतली. एक विणकर असतो. सावकाराचं सूत घेऊन त्याच्यासाठी विणायचं नाही, असं विणकरांचं ठरलेलं असतं. पण रात्री त्याच्या घरातून मागाचा आवाज येतो. लोक धावून जातात, फितूर झालास का म्हणून विचारतात. तो सांगतो, सूत नव्हतंच. माग न चालवता हातपाय आखडले होते, म्हणून रिकामाच चालवला.

मला वाटतं, ऋत्विकदांचं आयुष्य या विणकरासारखं आहे. पूर्ण लांबीचे आठ सिनेमे, त्यातला एक चाललेला, दोन मेल्यानंतर लागलेले. पैसे नव्हते तेव्हा नाटक, सिनेमा नव्हता तेव्हा शिकवणं, आणि रुग्णालयात होते तेव्हा रुग्णांना घेऊन तालीम. माग थांबू दिला नाही. हे सगळं आपल्याला जमेलच असं नाही. पण दहा लाइक्स आले म्हणून शॉर्ट फिल्म डिलीट करायच्या आधी एकदा 'नागरिक'चा डबा आठवायला हरकत नाही.

बघायचं असेल तर 'अजांत्रिक'पासून सुरुवात करा, तो सोपा आणि गमतीदार आहे. मग 'मेघे ढाका तारा'. त्यानंतर 'सुवर्णरेखा'. 'जुक्ति तक्को' सगळ्यात शेवटी, माणूस थोडा ओळखीचा झाल्यावर. बंगाली येत नसलं तरी सबटायटल्स आहेत, आणि मराठी कानाला बंगाली वाटते तेवढी परकी नाही.

४ नोव्हेंबर २०२५ ला त्यांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण झाली. त्याच्या साधारण सव्वा वर्ष आधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, राजशाहीतलं घटक कुटुंबाचं जुनं घर पाडलं गेलं. आयुष्यभर ज्या घराकडे त्यांचा कॅमेरा तोंड करून उभा होता, ते आता विटांचा ढीग झालंय. पडद्यावर मात्र ते रूळ अजून नदीपर्यंत जातात, आणि पलीकडचा काठ दिसतो.